नारळाचं दूध फुटलं (सोसायटी ग्रुप, रविवार)

ए-२०१: काल थाई करी सूप केलं आणि नारळाचं दूध पार फुटलं. वर गुठळ्या, खाली पाणी. लेक पुण्याहून आलीय, तिच्यासाठीच केलं होतं. कुणी करतं का घरी?

बी-१०३: ताई, लिंबू कधी पिळलं?

ए-२०१: उकळतानाच. दूध पण सगळं एकदम ओतलं, गॅस मोठा होता.

बी-१०३: तिथंच झालं. नीट लिहिते, मी बऱ्याचदा केलंय. एका नारळाचं दोनदा दूध काढा, जाड वेगळं, पातळ वेगळं. निम्मं जाड दूध कढईत एकटंच मंद आचेवर ठेवा. हळूहळू कडेनं तेल सुटतं. त्या तेलात वाटण परतायचं. आपण आमटीचं वाटण तेल सुटेपर्यंत परततो ना, अगदी तसंच. मग पातळ दूध आणि भाज्या. खळखळ उकळू द्यायचं नाही. उरलेलं जाड दूध शेवटी, आणि लिंबू गॅस बंद केल्यावरच. पाकिटातल्या दुधाला बऱ्याचदा तेल सुटत नाही, ते फुटू नये म्हणून त्यात काही घातलेलं असतं. तेव्हा चमचाभर तेल घाला.

सी-४०२: वाटणात काय काय?

बी-१०३: भिजवलेल्या सुक्या लाल मिरच्या, लसूण, छोटे कांदे, धने, जिरे, पांढरी मिरी, लिंबाची किसलेली हिरवी साल. कोथिंबिरीची मुळं आपण कापून टाकतो, ती धुऊन घ्या, खरी चव तिथं आहे. आणि गवती चहा.

ए-२०१: चहात घालतो तोच?

बी-१०३: तोच. पण पात नको, बुडाचा पांढरा दांडा हवा. लक्ष्मी मार्केटात नुसती पातच मिळाली मला. आपल्या पंपाशेजारचा ठोंब मीच लावलाय, तिथनं मुळापासून काढून घ्या. बाहेरची दोन सालं सोला, आतलं बोटभर ठेचा.

डी-३०४: आणि ते थाई आलं?

बी-१०३: कोळिंजन. तिकडच्या 'तोम खा' सूपमधलं 'खा' म्हणजे तेच. सुकं काष्ठौषधीवाल्याकडं मिळतं, पण ताज्याचा वास त्याला नाही. मी आपलं आलं घालते, अगदी नखाएवढं. जास्त झालं की सगळं आपल्या रश्श्यासारखं लागतं.

डी-३०४: तयार पेस्टची बाटली चालेल का? वेळ वाचतो.

बी-१०३: मागचं बारीक अक्षर वाचा आधी. बऱ्याच पेस्टमध्ये आंबवलेली कोळंबी असते. आमच्या सासूबाई माळकरी, म्हणून मी घरीच वाटते. त्याऐवजी मीठ जरा चढं, आणि ताडगुळाच्या जागी आपला गूळ.

सी-४०२: शेंगाचं कूट घातलं तर? सोलापुरात शेंगा नाही म्हणजे जेवण अपुरं वाटतं मला.

बी-१०३: काका, त्यांच्या मस्समन करीत शेंगदाणे असतातच की. पण कुटानं सूप घट्ट होतं. दाणे भाजून भरड कुटा आणि वाटीत वरून घाला. शेंगाचटणी मात्र नको, तिच्या लसणापुढं गवती चहाचा वास टिकत नाही.

ए-२०१: जमलं! कडेनं लाल तेल सुटलं, घरभर वास आहे. लेकीनं दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. बी-१०३ ताई, तुमच्यासाठी डबा भरून ठेवलाय. ठोंबाचे चारच दांडे घेतलेत, माती परत लावून पाणी घातलंय.