मदत हवी आहे: ईकोमध्ये मागची बॅटरी वेगळी बसवली तरी सकाळी गाडी सेल्फ घेईना

ईकोवाला

नमस्कार मंडळी, धागा थोडा लांबलाय पण सगळं लिहितो, नंतर एकेक विचारण्यापेक्षा बरं. माझी २०१७ ची मारुती ईको व्हॅन आहे, पाच सीटर, पेट्रोल, सीएनजी नाही. मागच्या सामानाच्या जागेत एक लाकडी कपाट बसवलंय, त्यात १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, १००० वॉटचा इन्व्हर्टर, आणि वर १२ व्होल्टवर चालणारा ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज. दोन एलईडी पट्ट्या, एक छोटा पंखा, मोबाइल चार्जिंग. झोपायला सीटवरून फळ्या टाकतो. एवढाच संसार.

गाडी चालू असताना मागची बॅटरी चार्ज व्हावी म्हणून आमच्या भागातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून पुढच्या बॅटरीपासून मागे वायर ओढून घेतली, ६ स्क्वेअर एमएमची, साधारण पाच मीटर, मध्ये ४० अँपिअरचा रिले (विजेच्या इशाऱ्यावर लागणारा-सुटणारा स्विच). चावी फिरवली की रिले लागतो, चावी काढली की सुटतो, म्हणजे रात्री मागे काहीही जाळलं तरी पुढची बॅटरी सेफ, असं त्याने सांगितलं आणि मलाही पटलं. पुढच्या बॅटरीपाशी १०० चा फ्यूज आहे. सहा महिने सगळं मस्त चाललं.

आता झालं असं की २६ जानेवारीच्या जोडून सुट्टीत भंडारदऱ्याला गेलो, रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळाच्या अलीकडे गाडी लावली, दोन रात्री आणि मधला एक दिवस गाडी जागची हलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक टक टक. बायको म्हणे तू तर म्हणाला होतास दोन बॅटऱ्या आहेत. शेवटी रतनगडाला ट्रेकवाले घेऊन आलेल्या एका पिकअपवाल्या मामांनी जंपर लावून दिला, वर चहाही त्यांनीच पाजला.

घरी येईपर्यंत पुढची बॅटरी भरली, गाडी आता व्यवस्थित चालू होते, बॅटरी दीड वर्षाचीच आहे. मग तिथे उतरली कशी? डॅशबोर्डवर दोन बॅटऱ्यांचे दोन डिजिटल व्होल्टमीटर लावलेत, त्या सकाळी दोन्हीवर ११.३ दिसत होतं.

जाता जाता दुसरा प्रश्न, फ्रिज कधी कधी बॅटरी फुल असतानाही लो व्होल्टेजचा एरर देऊन बंद पडतो. फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन मी आधीच ‘लो’वर ठेवलंय.

शंकासुर

वायरिंगचं जाणकार सांगतीलच पण आधी आरटीओचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मनाने बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकालही आहे. सीट काढली असती तर अडकला असता. आणि इन्शुरन्सवाल्यांना हे वायरिंग दाखवलंय का? उद्या धूर निघाला तर क्लेम देताना पहिला प्रश्न तोच विचारतील.

ईकोवाला

सीट काढलेली नाही, कपाटही चार बोल्टवर आहे, तासाभरात गाडी होती तशी होते. इन्शुरन्सचं विचारतो. पण प्लीज, धागा वायरिंगवर राहू द्या.

फिरस्ती

माझ्याकडे जुनी ट्रॅव्हलर आहे, तीन वर्षं फिरतेय तिच्यात. फ्रिजचं आधी सांगते कारण त्यात मीही फसले होते. ‘लो’ म्हणजे फ्रिज कमी वीज खाईल असं नाही हो! प्रोटेक्शन लो म्हणजे बॅटरीला अगदी तळापर्यंत खरवडायची परवानगी. गाडीच्या बॅटरीवर असेल तर ‘हाय’ ठेवायचं, मग तो लवकर बंद होतो. आणि लो असूनही तुमचा फ्रिज एरर देतोय म्हणजे त्याच्यापर्यंत व्होल्टेज पोचतच नाहीये. वायर कितीची आहे? सिगारेट लायटरचं सॉकेट आहे का मध्ये?

इन्व्हर्टर रात्री बंद करता का? माझा १००० वाला नुसता चालू ठेवला, काहीही न लावता, तरी तासाला जवळजवळ एक अँपिअर-अवर खातो. ३६-३८ तास म्हणजे तिथेच तुमची एक तृतीयांश बॅटरी गेली.

ईकोवाला

ताई, लो-हायचं वाचून हसू पण आलं आणि रडू पण. हो, लायटर सॉकेटच आहे. त्याची वायर बारीक आहे, १ स्क्वेअर एमएम असेल, फिरून फिरून पाच मीटर गेलीय. आणि इन्व्हर्टर दोन्ही रात्री चालूच होता, लॅपटॉप लावला होता एकदा, नंतर विसरलो.

म्हणजे मागची बॅटरी का उतरली ते कळलं. पण पुढची का उतरावी?

निवृत्त वायरमन

अरे बाबा, उत्तर तू स्वतःच लिहिलंयस आणि पुढे गेलास. दोन्ही मीटरवर ११.३.

एक लेड ॲसिड, एक लिथियम. भरलेली लेड ॲसिड गाडी बंद असताना १२.६-१२.७ दाखवते. भरलेली लिथियम फॉस्फेट १३.३ च्या आसपास, आणि अर्ध्याच्या खाली गेली तरी १३ च्या जवळ रेंगाळते, मग शेवटी धपकन पडते. या दोघींचा आकडा पॉइंटपर्यंत सारखा येणं म्हणजे त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, दुसरं काही नाही. चावी काढल्यावर तुझा रिले सुटत नाहीये.

आता खाली पार्किंगमध्ये जा. चावी खिशात. इंजिन बंद करून अर्धा तास झालेला असू दे. पहिलं म्हणजे दोन्ही मीटर बघ. दुसरं, रिलेच्या कॉइलची वायर (बारीकवाली, चावीवरून येते ती) उपटून बाजूला कर. तिसरं, पुढचा १०० चा फ्यूज काढ, मागच्या बॅटरीचा प्लस पण सोडव, मग मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो तो मोड) ठेवून रिलेच्या दोन जाड टोकांना लाव. बीप वाजायला नको. बॅटरी जोडलेली असताना बीप मोड लावू नकोस, मीटर जाईल. आणि पाना प्लसवर असताना बॉडीला लागू देऊ नको, हातातली अंगठी काढून ठेव.

अजून एक सांग, रिलेला चावीची लाइन कुठून घेतलीय?

ईकोवाला

काका, आत्ताच वर आलो. दोन्ही मीटर १३.१. कॉइलची वायर काढली तरी १३.१. मग तुम्ही सांगितलं तसं सगळं सोडवून बीप लावला तर वाजतोय! रिले चांगला जोरात ठोकून पण बघितला, वाजतोच.

चावीची लाइन स्टिरिओच्या मागच्या लाल वायरवरून घेतलीय.

निवृत्त वायरमन

वाटलंच. सेल्फ मारतोस तेव्हा स्टिरिओ क्षणभर बंद पडून परत चालू होतो ना? ती ॲक्सेसरीची लाइन. सेल्फच्या वेळी सगळी ताकद स्टार्टरला मिळावी म्हणून गाडी ती तेवढ्यापुरती तोडते. तुझा रिले पण त्याच लाइनीवर.

आता क्रम बघ. चावी ऑन, रिले लागला, दोन बॅटऱ्या जुळल्या. सेल्फ मारला. पुढची बॅटरी लोड खाली दबून साडेदहापर्यंत येते, मागे लिथियम तेरावर ताठ उभी. अडीच व्होल्टचा फरक. पाच मीटर ६ ची वायर म्हणजे साधारण १५ मिलिओहम रेझिस्टन्स, त्यात जॉइंट, फ्यूज, रिले, बीएमएस (लिथियम बॅटरीतलं संरक्षण सर्किट) धरून ३०-४० कर. साठ-सत्तर अँपिअर सहज धावतात तुझ्या चाळीसच्या रिलेतून, कारण लिथियमला वाटतं गाडी मीच चालू करायची आहे. आणि नेमकं त्याच घाईत कॉइलची लाइन तुटते, रिले भरल्या करंटवर उघडायला जातो, आत ठिणगी पडते, लगेच परत लागतो. रोज दोन-चार वेळा, सहा महिने. वेल्डिंगच की ते. एक दिवस आतले काँटॅक्टचे पत्रे चिकटले ते सुटलेच नाहीत.

पोराने काम वाईट केलं असं मी म्हणणार नाही. मागे लेड ॲसिड असती तर हेच सर्किट बरंच टिकलं असतं, दोघींचे आकडे जवळ असतात, आणि चाळीशीच्या रिलेवर असं हजारो गाड्यांत चालतं. लिथियमला ते चालत नाही. पण १०० चा फ्यूज मात्र चूक. ६ ची वायर कायम ४०-५० च्या वर तापायला लागते, तिला १०० चा फ्यूज म्हणजे आधी वायर वितळणार मग फ्यूज उडणार. फ्यूज वायरच्या मापाचा लावतात. आणि मागच्या टोकाला फ्यूज नाहीच ना?

ईकोवाला

नाही. मागे बॅटरी असून फ्यूज कशाला, करंट तर पुढून येतो ना?

निवृत्त वायरमन

दोन्हीकडून येतो. दोन विहिरींना एक पाइप जोडलाय, मध्ये फुटला तर पाणी दोन्हीकडून. वायर कुठे खरचटून बॉडीला लागली आणि पुढचा फ्यूज उडाला तरी मागची लिथियम सगळी ताकद त्या शॉर्टवर ओतत राहणार. मागेपण फ्यूज, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. आणि ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, वायर तिथून नेलीय का बघ. घरगुती वायरचं पीव्हीसी ७० डिग्रीचं असतं, त्या उष्णतेला ते आधी कडक होतं मग तडकतं. तेवढ्या भागात ग्लास फायबरचं स्लीव्ह चढव किंवा वायर बाजूने ने.

फिरस्ती

काकांनी मूळच पकडलं. उपाय मी सांगते, रिले बदलून दुसरा रिले लावू नका. डीसी टू डीसी चार्जर घ्या, म्हणजे पुढच्या बॅटरीवरून मागची मोजून-मापून भरणारा. मी व्हिक्ट्रॉन कंपनीचा ओरायन लावलाय, १८ अँपिअरवाला आणि ३० वाला असे येतात, तुमच्या छोट्या अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज करतो तो) १८ वाला बास. इंजिन चालू आहे का ते तो स्वतः व्होल्टेजवरून ओळखतो आणि मागे कितीही भूक लागली तरी ठरलेल्यापेक्षा जास्त ओढत नाही. उलटा करंट पुढे जायचा प्रश्नच नाही, सेल्फच्या वेळी पण नाही. तुमची ६ ची वायर त्याला चालेल, फक्त दोन्ही टोकांना ४० चे फ्यूज. महाग आहे, मान्य, पण दुसरी लिथियम त्याहून महाग. थोडा गरम होतो, कपाटात कोंडू नका.

फ्रिजला लायटर सॉकेट तोडून टाका. बॅटरीच्या फ्यूज बॉक्समधून थेट ४ ची जोडी, प्लस आणि मायनस दोन्ही. १ च्या वायरवर पाच मीटर जाऊन-येऊन १० मीटर झाले, ५ अँपिअरला पाऊण-एक व्होल्ट वायरमध्येच जातो. ४ च्या वायरला पाव व्होल्टपण जात नाही.

शंकासुर

पुण्यातच आहात तर तपकीर गल्लीत वायर, लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी) सगळं मिळेल, रिले-फ्यूज होल्डर नाना पेठेत. रविवारी जाऊ नका, अर्धी दुकानं बंद. लग पक्कडने दाबून बसवू नका, हायड्रॉलिक क्रिंपर भाड्याने मिळतो का विचारा, आणि तांब्याचेच घ्या, पितळी मुलामा दिलेले लोखंडी पण विकतात लोक. चुंबक घेऊन जा.

(आरटीओचं मी अजून विसरलेलो नाही.)

ईकोवाला

शंकासुर, चुंबकाची आयडिया भारी, खरंच उपयोगी पडली, एका दुकानात दोन लग चिकटले.

अपडेट: १८ चा चार्जर लावला, दोन्हीकडे ४० चे फ्यूज, मागचा होल्डर बॅटरीपासून १५ सेंटीमीटरवर. वायर खरंच इंजिनच्या झाकणाला टेकून गेली होती, एका जागी इन्सुलेशन चॉकलेटसारखं मऊ पडून दबलं होतं. ती बाजूने नेली. बॉडी अर्थचा बोल्ट उघडला तर खाली रंग तसाच होता, खरवडून पत्रा चकाचक केला आणि वर ग्रीस लावलं. फ्रिजपाशी आधी कॉम्प्रेसर चालू असताना ११.७ यायचं, आता १२.९. इन्व्हर्टरला दाराजवळ स्विच दिलाय, लाल दिव्याचा, म्हणजे झोपताना डोळ्यावर येतो आणि बंद करावाच लागतो.

काल रात्रभर सोसायटीत फ्रिज चालू ठेवला मुद्दाम. सकाळी पुढे १२.६, मागे १३.१. दोन वेगळे आकडे बघून एवढा आनंद आयुष्यात पहिल्यांदाच झाला असेल.

काका, जुना रिले फेकू का?

निवृत्त वायरमन

फेकायच्या आधी झाकण फोड, फोटो टाक.

ईकोवाला

फोडला. आतले दोन्ही काँटॅक्ट काळे पडलेत, आणि मध्ये मोहरीच्या दाण्याएवढा तांबूस थेंब, दोघांना धरून बसलाय. स्क्रू ड्रायव्हर घालून पिळला तेव्हा टक करून सुटला. फोटो खाली टाकलाय.

निवृत्त वायरमन

तोच तो. पुढची बॅटरी एकदा चार्जरवर रात्रभर लाव, एवढी खाली गेलेली लेड ॲसिड नुसत्या गाडीच्या चार्जिंगवर पूर्ण भरत नाही. मग जा परत भंडारदऱ्याला.