सांगलीत जुनी वॅगनआर सीएनजी घेतोय, टोकनआधी काय तपासू?

मिरज_दहा
2017 ची वॅगनआर 1.0 बघितली आहे. कंपनी फिटेड सीएनजी, सिंगल ओनर, एमएच-10 पासिंग, रनिंग 71 हजार. मालक गावभागातले. आतून-बाहेरून चकाचक आहे. रोज मिरज-सांगली आणि अधूनमधून कोल्हापूर एवढाच वापर होईल. टोकन द्यायच्या आधी काय बघायचं?

कृष्णाकाठ
सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातली 2017 ची गाडी म्हटल्यावर इंजिनाच्या आधी पूर बघा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात गाडी कुठं उभी होती, हे मालकांना सरळ विचारा. मग सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. गाडी कितीही धुतली तरी गुंडाळीतल्या टोकाला गाळाचा पट्टा राहतो. पुढच्या सीट सरकवून रुळांखाली टॉर्च मारा, डिकीतलं कार्पेट उचलून कोपरे बोटानं चाचपा. बारीक चिकट माती लागली तर समजून जा.

डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) उघडून बघा. पिनांवर हिरवट थर असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती गाडी घेऊ नका. तो तांब्याचा गंज असतो आणि वायरीच्या आत सरकत जातो. आज सगळं चालतं, काही महिन्यांनी ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) किंवा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बंद पडतं, आणि दोष नेमका कुठं आहे ते सापडत नाही.

जुन्या विमा पॉलिसीही मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, 20, 25, 35, 45, 50 टक्के असा चढतो. पुरानंतरच्या नूतनीकरणात तो शून्यावर आला असेल तर क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा.

पाना_दहाबारा
इंजिन थंड असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. स्टार्ट केल्यावर सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅसकेटचा (इंजिनाच्या हेडखालच्या सीलचा) संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसतो का तेही बघा. या इंजिनाला टायमिंग चेन (व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी) आहे, बेल्ट बदलायचा खर्च नाही; पण ऑइल वेळेवर बदललं नसेल तर पहिल्या स्टार्टला चेन खडखडते. तीन सिलिंडरचं इंजिन आयडलला थोडं हलणारच, मधेच झटका मारत असेल तर मात्र मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही.

क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडा. इंजिन बंद पडायला हवं. फिरत राहिलं तर प्लेट घसरतेय. एकदाच करा, दहा वेळा नको. मग मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी फिरवा, कटकट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट गेलाय.

मिरज_दहा
मालक म्हणतात, पेट्रोलवर जवळपास चालवलीच नाही. हे चांगलं की वाईट?

पाना_दहाबारा
वाईट. फ्युएल पंप टाकीत असतो आणि पेट्रोलनंच थंड राहतो. टाकी रिकामी ठेवून गॅसवर हिंडणाऱ्यांचे पंप जळतात, इंजेक्टरही चिकटतात. पाच लिटर पेट्रोल टाकून निदान आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवरच चालवा, मग चालत्या गाडीत गॅसवर घ्या. बदलताना दचका बसायला नको. दोन्हींवर पिकअप कमी वाटला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. गॅसवर व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा) लवकर झिजतात आणि ते काम इंजिनाचं हेड उतरवल्याशिवाय होत नाही.

आरसी_बघा
आरसीवर इंधन म्हणून सीएनजीची नोंद हवी. गॅस टाकीची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबानं केलेली तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, टाकीच्या पाटीवरची तारीख वाचा. बँकेचा बोजा असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या तुमच्यासमोर घ्या, ई-चलन मालकांकडूनच भरून घ्या. गाडी एप्रिल 2019 च्या आधीची आहे, म्हणून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा. विमा 14 दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी कव्हर आपोआप येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. मालकांचा नो क्लेम बोनसही तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळं प्रीमियम वाढेल. भाव ठरवताना तो धरा.