मनात काही नव्हतं

दादा: काल रात्री घरच्या ग्रुपवर धाकट्याबद्दल जे लिहिलं ते डिलीट केलंय. चुकलंच माझं. पण खरं सांगतो, मनात काही नव्हतं. रागाच्या भरात निघून गेलं.

वहिनी (धाकट्याची बायको): भाऊजी, डिलीट व्हायच्या आधी आम्ही दोघांनी वाचलं होतं. हे रात्रभर जागेच होते.

आत्या: अरे, "मनात काही नव्हतं" असं आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणते. पण प्रभू येशू नेमकं उलट सांगतो. बायबलमध्ये मत्तय १२:३४ काढ. अंतःकरणात जे भरून गेलंय तेच मुखावाटे निघतं. आणि हे कोणाला सांगितलंय ते बघ. समोर एक आंधळा आणि मुका माणूस बरा झालाय, बोलायला लागलाय, लोक थक्क झालेत. तिथे परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, म्हणतात, हा बालजबूलच्या, भुतांच्या राजाच्या, जोरावर भुतं काढतो. चिडून जीभ घसरलेली नव्हती त्यांची. डोळ्यांदेखत चांगलं घडलं तरी तोंडून तेच निघालं, कारण आत तेच साठलं होतं.

दादा: पण आत्या, सहज निघालेला शब्द आणि ठरवून बोललेला शब्द एकच का?

आत्या: दोनच ओळी पुढे जा, ३६ वी ओवी. माणसं बोलतील त्या प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल. तिथला ग्रीक शब्द म्हणजे काम नसलेला, असाच टाकलेला शब्द. ठरवून बोलताना आपण शब्द झाकूनपाकून काढतो रे. सहज निघतो त्याच्यावर झाकण नसतं.

काका: अक्का, म्हणून मी ग्रुपवर काही लिहीतच नाही. याकोबाच्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, जिभेला आग म्हटलंय. गप्प बसावं हे उत्तम.

ताई: काका, राग मानू नका, पण २ शमुवेल १३ वाचा. दावीद राजाची मुलगी तामार, तिच्यावर सावत्र भाऊ अम्नोनाने अत्याचार केल्यावर तिचा सख्खा भाऊ अबशालोम त्या अम्नोनाशी बरं-वाईट काहीच बोलला नाही. एक शब्द नाही. दोन वर्षांनी मेंढरांची लोकर कातरायच्या वेळी त्याला जेवायला बोलावलं आणि चाकरांकडून मारवलं. संताप रास्त होता, तरी तो गप्प राहून आत काय शिजवत होता? जीभ आवरली म्हणजे मन आवरलं असं नाही. गोड बोलण्याचंही तसंच. स्तोत्र ५५:२१ मध्ये लोण्यासारखं मऊ बोलणारा माणूस आहे, त्याच्या मनात युद्ध चाललेलं असतं. मला तर कालच्या मेसेजपेक्षा त्याखाली आलेल्या कोरड्या अंगठ्याच्या इमोजींची जास्त भीती वाटते. नीतिसूत्रे ६:१३ मधला दुष्ट माणूस डोळे मिचकावतो, पायांनी खुणा करतो, बोटांनी इशारे करतो. शब्दच हवेत असं नाही.

काका: बरोबर आहे. मीही काल अंगठाच टाकला होता.

वहिनी: मग भाऊजींचं मन दुष्ट आहे असं म्हणायचं का? मला तसं नाही वाटत.

आत्या: नाही गं. यिर्मया १७:९ म्हणतो की हृदय सगळ्यांत कपटी आहे, ते कोणाला कळणार? आणि लगेच दहावी ओवी, मी परमेश्वर हृदय पारखतो. म्हणजे ते काम त्याचं आहे, तुझं-माझं नाही. ही वचनं दुसऱ्यावर रोखायची नसतात. स्वतःला विचारायचं, हे कुठून आलं?

ताई: आणि हृदय म्हणजे नुसत्या भावना नव्हेत. हिब्रू 'लेव' मध्ये विचार, इच्छा, निश्चय सगळं येतं. आपल्या 'मन' शब्दाजवळ जातं ते, मनात आणलं, मनात धरलं म्हणतो ना. म्हणून मार्क ७:२१ पासूनच्या यादीत आधी वाईट विचार येतात, मग चोरी, खून, कपट, निंदा, गर्व, सगळं एकाच ठिकाणाहून निघालेलं. आपण खुनाला पाप म्हणतो आणि निंदेला स्वभाव.

आत्या: स्तोत्र ५१ घे, दादा. दावीद राजा एवढं करून बसला होता, बथशेबाशी व्यभिचार, तिच्या नवऱ्याचा खून. तो काय मागतो? शुद्ध हृदय उत्पन्न कर. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पहिल्या ओवीत देवाने आकाश आणि पृथ्वी उत्पन्न केली, तिथलंच हिब्रू क्रियापद. डागडुजी मागत नाही तो. 'माझे ओठ उघड' हे त्याच्यानंतर, पंधराव्या ओवीत येतं.

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

दादा: मनात काही नव्हतं हे खोटं होतं. आईच्या आजारपणात सगळं माझ्यावर पडलं, धाकटा पाहुण्यासारखा आला आणि गेला, हे वर्षभर धरून बसलोय. त्याला एकदाही विचारलं नाही की तुझं काय चाललं होतं. धाकट्या, संध्याकाळी येऊ का?

धाकटा: ये दादा. मीही बरंच दाबून ठेवलंय.