गटचिंतनात आधी घटना, मग मूल्यमापन

वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या परिचारिकांचे गटचिंतन (कामातल्या अनुभवांवर एकत्र बसून विचार करणे) अनेकदा तक्रारींची बैठक होऊन बसते, हे निरीक्षण मला पटते. मात्र दोष गटाचा नसून चर्चेच्या सुरुवातीचा असतो. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये अनुभवावर चिंतन करण्यासाठी मांडलेल्या सहा टप्प्यांच्या चक्रात घटनेचे वर्णन आणि भावना आधी येतात, मूल्यमापन त्यानंतर. सलाईन लावताना विद्यार्थिनीचा हात थरथरला आणि मी सुई स्वतःकडे घेतली, एवढेच मी एकदा गटात सांगितले, तेव्हा एका सहकारी सिस्टरांनी शांतपणे विचारले, “त्या क्षणी भीती कोणाला वाटली, तिला की तुम्हाला?” एकटीने डायरी लिहून हा प्रश्न मला सुचलाच नसता. पण गुण देणाऱ्यांसमोर अशी भीती मोकळेपणाने कबूल करणे अवघड जाते. म्हणूनच आमच्या कामाचे गुण ठरवणाऱ्या वरिष्ठांनी या गटात बसू नये, असे मला मनापासून वाटते.