रोज हायवेला बाईक, कंपनीचे सेफ्टी शूज पुरतात का रायडिंग बूटच घ्यावेत?

जुळेसोलापूर_शाईन
नमस्कार मंडळी, रोज शाईनवर चिंचोळी एमआयडीसीला ड्युटीला जातो, सगळा पुणे हायवे. आत्तापर्यंत सँडलवरच चालवली, पण मागच्या आठवड्यात ट्रॉलीतनं पडलेला ऊस चुकवताना गाडी कलली, पाय टेकवला तर सँडलचा पट्टा तुटला आणि अंगठ्याचं नख निघालं. बायको म्हणाली बूट आणल्याशिवाय गाडीला किल्ली लावायची नाही. कंपनीचे लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज आहेत माझ्याकडं, ते चालतील का? का वेगळे घ्यावेत? बजेट पाच हजार. आणि मे महिन्यात ४२-४३ मध्ये घोट्याच्या वरचे बूट सहन होतात का?

होटगीरोडकर
भाऊ नखावर भागलं, देवाची कृपा समज. माझी गाडी मुरुमावर घसरली तेव्हा पायात फ्लोटर होते, गाडी सावकाशच होती, पण पाय फुटरेस्ट आणि रस्त्याच्या मधी सापडला. एक फ्लोटर पार पलीकडच्या बाभळीखाली मिळाला. घोट्यात दोन स्क्रू आहेत, थंडीत अजून दुखतंय. म्हणून सांगतो, बोटांपेक्षा घोट्याचा विचार आधी कर. टोपीनं बोटं वाचतील, पण तुझे शूज घोट्याच्या खाली संपत असतील तर ते हाड उघडंच राहतं की.

पाना_नंबर_१०
होटगीरोडकर बरोबर बोलले. सेफ्टी शूजचं स्टँडर्ड आयएस १५२९८, त्यात टोपी २०० ज्यूलचा दणका सोसते, म्हणजे वरनं काहीतरी जड पडलं तर. गाडीवरनं पडल्यावर पाय घासतो, मुरगळतो, बाजूनं दबतो, त्याची टेस्ट त्यात नसते. रायडिंग बूटवर बाईकस्वाराचं चित्र आणि ईएन १३६३४ (युरोपचं स्टँडर्ड) असतं आणि चार आकडे. पहिला उंचीचा, दुसरा घासण्याचा, तिसरा कापण्याचा, चौथा सोल आडवा दाबल्यावर किती टिकतो त्याचा. प्रत्येक १ किंवा २, आणि २ चांगला. चौथा आकडा नक्की बघ, गाडी पायावर पडते तेव्हा तोच कामाला येतो.

दुकानात गेलास की लेबल असू दे नसू दे, दोन गोष्टी कर. बूट दोन्ही हातांत धरून टॉवेल पिळतो तसा पिळ, सहज पिळला तर ठेवून दे. मग घालून नाड्या आवळ आणि कुणाला तरी टाच धरून जोरात ओढायला लाव, निघाला तर पडल्यावर पण निघणारच. संध्याकाळी जा, दिवसभरानं पाय सुजलेला असतो, आणि जे मोजे रोज घालतोस तेच घालून बघ.

जाड बूट गिअर लिव्हरखाली जात नाही ही तक्रार सगळे करतात. तुझ्या शाईनला टाचेचा लिव्हर आहे, बोटं खाली घालायची गरजच नाही. तरी अडलं तर १० नंबरच्या पान्यानं बोल्ट काढून लिव्हर एक दाता वर बसव, पाच मिनिटांचं काम.

विजापूररोड_ताई
उन्हाचं मी सांगते, मी दोन उन्हाळे घालतेय. वॉटरप्रूफ घेऊ नका, आपल्याकडं पाऊस किती पडतो ते माहितीय, आत नुसता घाम साचतो. जाळीचे, घोटा झाकणारे घ्या. सुती मोजे भिजून पायाला चिकटतात, खेळाडू घालतात तसले घ्या, आणि बुटाच्या तोंडापेक्षा उंच, नाहीतर नडगी सोलते. ऑफिसात गेल्या गेल्या चप्पल घालायची, बूट वाऱ्याला ठेवायचे. नाड्यांचे घेतलेत तर टोकं आत खोचा हां, माझी एकदा फुटरेस्टला अडकली आणि सिग्नलला पाय टेकवताच येईना. आडवी झाले.

होटगीरोडकर
अजून एक, कुणी कपाटातले जुने बूट स्वस्तात देतो म्हणलं तर घेऊ नको. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल वर्षानुवर्षं पडून राहिला की भुगा होतो, वरनं कळत नाही. माझ्या भावाचा चालता चालता गळून पडला.

जुळेसोलापूर_शाईन
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी सेफ्टी शूज पिळून बघितले, सोल घट्ट आहे पण घोटा सगळा उघडा, आणि बायकोनं टाच ओढली तर उजवा निघाला हातात. काल संध्याकाळी नवी पेठेत गेलो, तीन जोड घालून बघितले, एक घोट्याच्या वर चार बोटं येणारा, जाळीचा, बेल्टवाला मिळाला, बाईकस्वाराचं चित्र आहे, चौथा आकडा २. साडेसहाशे बजेटच्या वर गेले, बायकोनं घातले. लिव्हर एक दाता वर केला. उद्या पहिली पाळी, सहाला निघतो.