मदत हवी आहे: ऑफिसला रोज उशीर होतोय

डोंबिवली ते घाटकोपर लोकल आणि पुढे मेट्रोने चकाला असं रोजचं जाणं, पंचिंग ९:३०चं, आणि या महिन्यात ५ लेटमार्क झालेत, ३ झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. उठते ६लाच, पण डबा, पाणी भरणं, मुलीच्या वेण्या यात ८ कधी वाजतात कळतच नाही आणि स्टेशनचा जिना चढेपर्यंत फास्ट सुटलेली असते. कणीक रात्रीच मळून फ्रीजमध्ये ठेवते, भाजीपण चिरून ठेवते, तरी १०-१५ मिनिटं कुठे जातात सापडत नाही. साहेब समजूतदार आहेत पण परत परत सॉरी म्हणणं जीवावर येतं हो. ज्यांची ही सवय सुटलीये त्यांनी प्लीज सांगा, सकाळचं नेमकं काय बदललंत? आधीची लोकल पकडायची तर शाळेच्या रिक्षाचं कसं जमवता?