प्रांबानन आणि आपली हलशी: दारावरचं ते तोंड कशाला?

खानापूरकर:
भाचा नोकरीला इंडोनेशियात आहे, परवा त्यानं जावा बेटावरच्या प्रांबानन देवळाचे फोटो ग्रुपवर टाकले. दारावर डोळे वटारलेलं राक्षसाचं तोंड, वरचे दात बाहेर, खालचा जबडाच गायब. आईला दाखवलं तर म्हणाली हे कीर्तिमुख, आपल्याकडं देवळाच्या उंबऱ्यावर असतंय की. मग तिकडं दारावर का? आणि दुसरं म्हणजे तिथली बहुतेक माणसं मुसलमान, तरी भाचा म्हणतो देवळाचा विषय निघाला की 'आमचं' म्हणूनच बोलतात. हे कसं काय?

शिल्पवेडा_टिळकवाडी:
आई बरोबर आहेत. आपल्याकडं पण ते उंबऱ्यावर, दारावर, खांबांवर, शिखरावर सगळीकडं असतंय. पुराणातली गोष्ट अशी की जालंधर दैत्यानं राहूला शंकराकडं पाठवलं, पार्वती मागायला, शंकर भडकले, त्यातून एक भुकेलं भूत निघालं ते राहूलाच खायला धावलं, राहू शरण आला मग शंकरानं भुताला सांगितलं स्वतःलाच खा, तर त्यानं तोंड सोडून सगळं खाल्लं. म्हणून शंकरानं त्याला दारावर जागा दिली. जावात त्याला 'काल' म्हणतात आणि दाराच्या दोन्ही बाजूंना खाली मकर, म्हणजे मगरीसारखे पुराणातले प्राणी असतात, काल-मकर अशी जोडीच. मध्य जावातल्या जुन्या देवळांत खालचा जबडा नसतो, पुढं राजसत्ता पूर्व जावात गेली तिकडच्या देवळांत जबडा आला, पंजे पण आले. त्यामुळं तोंड बघून देऊळ साधारण कुठलं ते कळतंय.
बाकी रचना बघितली तर ओळखीचीच वाटेल. पाया म्हणजे भूर्लोक, गाभारा भुवर्लोक, वर स्वर्लोक, आणि सगळं देऊळ म्हणजे मेरू पर्वत. मधलं शंकराचं देऊळ ४७ मीटर उंच, दोन्ही बाजूंना ब्रह्मा आणि विष्णू, समोर नंदी. शिवगृह शिलालेख इ.स. ८५६ चा आहे, तो याच देवळाचा मानतात. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ त्यानंतरचं, तिथं गाभारे दोन आणि एकमेकांसमोर, ती मजा वेगळीच.

गणपत_गल्ली:
आमच्या दारावर पण राक्षसाचं तोंड टांगलंय, दृष्ट लागू नये म्हणून. बाजारात मिळतंय, काल-बिल काय म्हणत नाही कोण 😄

निपाणीची_सूनबाई:
दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. प्रांबाननच्या शंकराच्या देवळात उत्तरेकडच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी आहे, तिला तिथली माणसं रारा जोंगरांग म्हणतात. ती राजकन्या, मागणी घालणाऱ्याला लग्नाची अट घातली की एका रात्रीत हजार देवळं बांध, आणि शेवटचं एक राहिलेलं असताना तिनं पहाट झाल्याचं भासवलं म्हणून त्याचा शाप मिळून दगड झाली. म्हणजे आपली दुर्गा त्यांच्याकडं त्यांच्या गावची पोरगी झाली. देवळाच्या आवारात १९६१ पासून रामायणाचं नृत्यनाट्य होतंय, नाचणारे बहुतेक मुसलमानच. त्यात त्यांना काही अडचण वाटत नाही, आपल्यालाच उगाच नवल.
आपल्याकडं बघा की, हलशीचा विषय काढला की तिथले जुने कदंब राजे कुणाचे यावर भांडण सुरू. लेख संस्कृतात आहेत, कन्नडात पण आहेत, दर्शनाला येणारी माणसं घरी मराठी बोलतात, कन्नड बोलतात, कोंकणी बोलतात. पुजाऱ्याला कुणाकडून काय फरक पडतोय.

खानापूरकर:
वैनी, भांडण नको म्हणून विचारलं नव्हतं, तेवढ्यात तुम्ही काढलंच 😅 भाच्याला परत जायचंय, काय बघ म्हणून सांगू?

शिल्पवेडा_टिळकवाडी:
रामायणाची शिल्पपट्टी सांगा. कठड्याच्या आतल्या बाजूला आहे, देवाला उजवीकडं ठेवून प्रदक्षिणा घालत बघायची. आणि शंकराच्या देवळात ती सेतूपाशी येऊन थांबते, फोटो काढून तिथूनच परतू नको म्हणावं, लंकेची लढाई शेजारी ब्रह्मदेवाच्या देवळात आहे.